फॉर्मिक आम्लापासून हायड्रोजन: पॅलेडियम उत्प्रेरकाने काढायचा कसा आणि मोजायचा कसा

फॉर्मिक आम्लात पॅलेडियम ऑन कार्बन (कार्बनच्या पावडरीवर बसवलेले बारीक पॅलेडियम) टाकले की बुडबुडे येतात, त्यात फारसे कौशल्य लागत नाही. खरे काम पुढचे असते: आलेल्या वायूत हायड्रोजन किती, कार्बन डायऑक्साइड किती, कार्बन मोनॉक्साइड आहे का, आणि हा सगळा हिशोब पुण्याच्या हवेच्या दाबाला धरून केला आहे का. एमएस्सीच्या प्रकल्पांत बहुतेक चुका इथेच होतात. त्यामुळे या मार्गदर्शिकेत मोजणीला कृतीइतकीच जागा दिली आहे.

हा प्रयोग फ्यूम हुड असलेल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतच करायचा. घरी, गच्चीवर किंवा शाळेच्या प्रदर्शनात नाही.

आधी रसायन

फॉर्मिक आम्ल दोन वाटांनी तुटते. आपल्याला हवी ती वाट म्हणजे फॉर्मिक आम्ल → हायड्रोजन + कार्बन डायऑक्साइड. नको ती म्हणजे फॉर्मिक आम्ल → कार्बन मोनॉक्साइड + पाणी. पहिलीत मुक्त ऊर्जा मोलमागे सुमारे ३३ किलोज्यूलने घटते, दुसरीत सुमारे १२ ने. म्हणजे दोन्ही अभिक्रिया आपल्या आपण घडू शकतात आणि कोणती घडेल हे उत्प्रेरक ठरवतो. तीव्र गंधकाम्ल दुसरी वाट उघडते. प्रयोगशाळेत कार्बन मोनॉक्साइड बनवण्याची ती जुनी रीत आहे, म्हणून फॉर्मिक आम्लाच्या टाकाऊ बाटलीत गंधकाम्ल कधीही ओतू नका.

वजनाने आम्लात ४.४ टक्के हायड्रोजन असतो, आणि एक लिटर शुद्ध आम्लात सुमारे ५३ ग्रॅम. आकडा लहान वाटतो, पण हा हायड्रोजन साध्या दाबाला द्रव रूपात साठवलेला असतो आणि खोलीच्या तापमानाच्या आसपास मोकळा करता येतो. या विषयातला रस तेवढ्यासाठीच आहे.

पॅलेडियमच्या पृष्ठभागावर प्रत्यक्षात काम होते ते फॉर्मेट आयनावर, म्हणजे प्रोटॉन गमावलेल्या फॉर्मिक आम्लावर. तो धातूला चिकटतो, त्याचा कार्बन-हायड्रोजन बंध तुटतो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि धातूवर उरलेला हायड्रोजन आम्लातल्या प्रोटॉनशी जोडला जाऊन बाहेर पडतो. यावरून कृतीतली एक महत्त्वाची गोष्ट कळते: नुसते आम्ल घेतले तर फॉर्मेट कमी पडते आणि वेग मंद राहतो, नुसते सोडियम फॉर्मेट घेतले तर प्रोटॉन कमी पडतात आणि द्रावणात बायकार्बोनेट साचत जाते. म्हणून दोन्ही समप्रमाणात घ्यायचे. अशा मिश्रणाचा पीएच ३.७५ च्या जवळ बसतो.

द्रावणे

बाजारात सहज मिळते ते ८५ टक्के आम्ल. त्याची घनता सुमारे १.१९५, म्हणजे ते साधारण २२ मोलर असते. १०० मिली २ मोलर द्रावणासाठी ९.१ मिली आम्ल थोड्या पाण्यात सावकाश सोडा आणि मग खुणेपर्यंत पाणी भरा. सोडियम फॉर्मेटच्या २ मोलर द्रावणासाठी १०० मिलीला १३.६ ग्रॅम लागते. हा क्षार ओलावा पटकन ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये उघडी राहिलेली बाटली दगडासारखी घट्ट होते आणि त्यातून तोललेल्या १३.६ ग्रॅममध्ये पाण्याचाही वाटा असतो. ओव्हनमध्ये ११० अंशांना रात्रभर सुकवून डेसिकेटरमध्ये गार करा, मगच तोला.

आम्लाचे द्रावण बाटलीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवून वापरू नका. १ मिली घेऊन ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने, फिनॉल्फथॅलीन घालून टायट्रेशन करा. २ मोलर असेल तर २० मिली लागतील. जुन्या बाटलीतले आम्ल हमखास कमी भरते.

बाटलीबद्दल आणखी एक. तीव्र फॉर्मिक आम्ल साठवणीतही अगदी हळू कार्बन मोनॉक्साइड सोडत असते. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतल्या कपाटात घट्ट बुचाची बाटली ठेवली तर आत दाब वाढतो. हवा जाऊ देणारे मूळ झाकण बदलू नका, बाटली थंड जागी ठेवा आणि उघडताना ती फ्यूम हुडमध्येच उघडा. आम्ल त्वचेवर पडले तर फोड येतात. पातळ नायट्राइल हातमोजे फक्त शिंतोड्यांपुरते आहेत, तीव्र आम्ल ओतताना निओप्रीन किंवा ब्युटाइल रबरचे घाला. अंगावर उडाले तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा.

उत्प्रेरक: विकतचा की स्वतः बनवलेला

विकतचे ५ किंवा १० टक्के पॅलेडियम ऑन कार्बन सुरुवातीला पुरेसे आहे. मात्र लेबल नीट वाचा. यातले बरेच प्रकार सुरक्षिततेसाठी निम्मे पाणी घालून ओले विकले जातात. त्यातले १०० मिलिग्रॅम कोरडे समजून तोलले की हिशोबात पॅलेडियम दुप्पट धरले जाते आणि उत्प्रेरक आहे त्याहून निम्माच चांगला दिसतो.

स्वतः बनवायचा तर १ ग्रॅम, ५ टक्क्यांचा, असा:

८३ मिलिग्रॅम पॅलेडियम क्लोराइड २ मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ५०-६० अंशांवर विरघळवा. नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही. तपकिरी-नारिंगी, पूर्ण स्वच्छ द्रावण झाले पाहिजे, तळाशी कण दिसत असतील तर थांबा. ते ५० मिली पाण्यात घ्या, त्यात ९५० मिलिग्रॅम बारीक कार्बन टाका, अर्धा तास सोनिकेटरमध्ये ठेवा आणि मग रात्रभर ढवळा. सकाळी सोडियम कार्बोनेटचे द्रावण थेंबथेंब घालून पीएच ९-१० वर आणा आणि तासभर ढवळू द्या. आता थोडे गाळून पाहा. गाळलेले पाणी रंगहीन असेल तर पॅलेडियम कार्बनवर बसले आहे. पिवळसर असेल तर अजून द्रावणातच आहे, आणि या अवस्थेत क्षपण केले (त्याचे धातूत रूपांतर केले) तर मोठे काळे गोळे तयार होतील.

मग फ्लास्क बर्फात ठेवा. ९० मिलिग्रॅम सोडियम बोरोहायड्राइड १० मिली बर्फगार पाण्यात आयत्या वेळी विरघळवून पंधरा मिनिटांत थेंबथेंब सोडा. ही मात्रा पॅलेडियमच्या पाचपट मोल आहे. तापमान ५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, कारण गरम द्रावणात कण मोठे होतात आणि मोठा कण म्हणजे कमी पृष्ठभाग. यातूनही हायड्रोजन निघतो, म्हणून फ्लास्कला बूच लावू नका. दोन तास ढवळून गाळा आणि पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे काही थेंब घालून मग सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरे येत असेल तर अजून धुवा. राहिलेला क्लोराइड पॅलेडियमच्या जागा अडवतो, आणि 'कृती तंतोतंत पाळली तरी वायू येत नाही' या तक्रारीमागे अनेकदा तोच असतो.

गाळताना पावडर कोरडी पडू देऊ नका. हायड्रोजन शोषलेले कोरडे पॅलेडियम ऑन कार्बन हवेत आपोआप पेटू शकते, आणि जवळ इथेनॉल किंवा मिथेनॉलची वाफ असेल तर हमखास पेट घेते. म्हणून धुवायला पाणीच वापरा. व्हॅक्युम ओव्हनमध्ये ५० अंशांवर रात्रभर ठेवा आणि व्हॅक्युम सोडताना आत हवा नव्हे, नायट्रोजन घ्या.

वेग वाढवायचा असेल तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे आधारावर (इथे कार्बनवर) नायट्रोजनयुक्त अमाइन गट बसवणे. अमाइन आम्लातला प्रोटॉन आपल्याकडे घेतो आणि फॉर्मेट पॅलेडियमच्या शेजारीच तयार होते. दुसरी म्हणजे पॅलेडियमसोबत चांदी किंवा सोने घालणे. तेव्हा पॅलेडियमच्या इलेक्ट्रॉनांची स्थिती बदलते आणि कार्बन मोनॉक्साइडची पकड ढिली होते. चांदी घालताना वरची कृती जशीच्या तशी वापरू नका. क्लोराइड आणि सिल्व्हर नायट्रेट एकत्र आले की सिल्व्हर क्लोराइड खाली बसेल. तिथे पॅलेडियम नायट्रेट किंवा ॲसिटेट घ्या.

मांडणी

२५ मिलीचा दोन तोंडांचा गोल बुडाचा फ्लास्क, एका तोंडाला रबरी सेप्टम (सुई टोचता येणारे बूच), दुसऱ्याला छोटा कंडेन्सर. कंडेन्सरच्या वरून नळी निघून एका रिकाम्या बाटलीतून २५० मिलीच्या गॅस ब्युरेटकडे (पाण्याच्या पातळीवरून वायू मोजणाऱ्या नळीकडे) जाते. रिकामी बाटली वगळू नका. फ्लास्क थंड झाला की ब्युरेटमधले पाणी मागे ओढले जाते आणि बाटली नसेल तर ते थेट उत्प्रेरकावर पडते. कंडेन्सर नळाच्या पाण्यावर चालवत असाल तर पुण्यात गुरुवारी अनेकदा पाणी बंद असते हे लक्षात ठेवा. बादलीतले पाणी छोट्या पंपाने फिरवणे बरे, पाण्याचीही बचत होते.

ब्युरेटमध्ये साधे पाणी नको. २५ अंशांना एक लिटर पाण्यात एक वातावरण दाबाचा सुमारे ०.८ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, म्हणजे तुमचा वायू तुमच्या डोळ्यांदेखत मोजणीतून निसटतो. २० टक्के मीठ घालून गंधकाम्लाने आम्लीय केलेले पाणी भरा. हे गंधकाम्ल पातळ असते आणि फॉर्मिक आम्लाशी त्याची गाठ पडत नाही, तरीही रिकामी बाटली मध्ये हवीच.

ब्युरेटऐवजी उलटा ठेवलेला मोजपात्र वापरणारे बरेच आहेत. चालते, पण आतले पाणी बाहेरच्या पातळीपेक्षा ३० सेंमी वर असेल तर आतला दाब सुमारे ३० हेक्टोपास्कलने कमी असतो, म्हणजे वाचनात तीन टक्के चूक. ब्युरेटला लेव्हलिंग बल्ब (नळीने जोडलेला, वर-खाली करता येणारा पाण्याचा बल्ब) असतो तो याचसाठी. प्रत्येक वाचनाआधी दोन्ही पातळ्या सारख्या करा.

प्रत्यक्ष प्रयोग

फ्लास्कमध्ये आधी नायट्रोजन सोडा, मग १०० मिलिग्रॅम उत्प्रेरक, आणि त्यावर लगेच २ मिली सोडियम फॉर्मेटचे द्रावण. क्रम महत्त्वाचा आहे. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की मिश्रण स्फोटक होते आणि पॅलेडियम स्वतःच ठिणगीचे काम करू शकते. म्हणून पूर्ण मांडणीतून दहा मिनिटे नायट्रोजन जाऊ द्या. गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) कार्बन मोनॉक्साइड तपासायचा असेल तर नायट्रोजनऐवजी आर्गॉन वापरा, कारण पुढे सांगितले आहे.

बाथ ५० अंशांवर आणा, ढवळणे ८०० आरपीएमवर ठेवा आणि ब्युरेटमधली पातळी स्थिर होईपर्यंत थांबा. २७ वरून ५० अंशांवर जाताना फ्लास्कमधल्या रिकाम्या जागेतला वायू फुगतो आणि पाण्याची वाफ वाढते. या मांडणीत त्यातून तीनेक मिली 'वायू' आयताच दिसतो. तो हायड्रोजन नाही. पातळी स्थिर झाल्यावरच शून्य धरा.

आता सेप्टममधून सिरिंजने २ मिली आम्ल सोडा आणि घड्याळ सुरू करा. सिरिंजमधल्या २ मिलीने तेवढाच वायू ढकलला जातो, तो प्रत्येक वाचनातून वजा करायचा. पहिली पाच मिनिटे दर तीस सेकंदांनी वाचा, नंतर दर दोन मिनिटांनी. उत्प्रेरकाऐवजी नुसता कार्बन टाकून एक कोरी फेरीही करा.

हा प्रयोग बंद भांड्यात कधीही करायचा नाही. ५ मिली १० मोलर आम्ल १०० मिलीच्या बंद भांड्यात पूर्ण तुटले तर दाब सुमारे २५ बार होतो. काचेचे भांडे त्यात टिकणार नाही.

हिशोब, पुण्याचा

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब सुमारे ९४५ हेक्टोपास्कल असतो, १०१३ नव्हे. मोबाइलवरच्या हवामान ॲपमध्ये १००८ किंवा १०१० दिसतो, पण तो समुद्रसपाटीला आणलेला आकडा असतो. तो हिशोबात घेतला की मोजलेला हायड्रोजन सहा-सात टक्क्यांनी फुगतो. प्रयोगशाळेत बॅरोमीटर नसेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळणारे छोटे दाबमापक सेन्सर पुरेसे आहेत, ते जागेवरचा खरा दाब दाखवतात.

दाबातून पाण्याच्या वाफेचा वाटाही वजा करायचा. २७ अंशांना तो सुमारे ३६ हेक्टोपास्कल असतो. मिठामुळे किंचित कमी, पण त्याने फरक पडतो तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे वायूसाठी उरले ९०९. या दाबाला आणि २७ अंशांना एक मोल वायू ब्युरेटमध्ये सुमारे २७.४ लिटर जागा घेतो. आपण ४ मिलिमोल आम्ल घातले, त्यातून ८ मिलिमोल वायू अपेक्षित, म्हणजे साधारण २१९ मिली. २५० मिलीच्या ब्युरेटमध्ये ते बसते, प्रमाण त्याच हिशोबाने निवडले आहे.

आता वेग. समजा पहिल्या पाच मिनिटांत दुरुस्तीनंतर ४० मिली वायू आला. ४० भागिले २७.४ म्हणजे १.४६ मिलिमोल, त्यातला निम्मा हायड्रोजन, ०.७३. उत्प्रेरकात पॅलेडियम ५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०४७ मिलिमोल. भागाकार १५.५, आणि पाच मिनिटांवरून तासावर नेण्यासाठी गुणिले १२: टर्नओव्हर फ्रिक्वेन्सी, म्हणजे पॅलेडियमच्या एका अणूमागे निघालेले हायड्रोजनचे रेणू, तासाला सुमारे १८६. तोच हिशोब शाळेतल्या २२.४ लिटरने केला तर २२८ येतो. उत्प्रेरक तोच, फुशारकी बावीस टक्के जास्त. हा आकडा एकूण पॅलेडियमवर काढला की फक्त पृष्ठभागावरच्या अणूंवर, हेही लिहा, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. आणि वेग नेहमी पहिल्या वीस टक्के रूपांतरातूनच काढा.

निम्मा हायड्रोजन, हे कशावरून?

वरच्या हिशोबात आपण ते गृहीत धरले. तपासायची साधी रीत अशी: तोच प्रयोग पुन्हा करा, पण रिकाम्या बाटलीनंतर १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली जोडा. कार्बन डायऑक्साइड तिथे शोषला जातो आणि ब्युरेटमध्ये फक्त हायड्रोजन येतो. आधी २१९ मिली आला असेल तर आता ११० च्या आसपास यायला हवा.

११० च्या पुढे जात राहिला तर घाबरू नका. आम्ल संपल्यावर सोडियम फॉर्मेटही पाण्याशी हळूहळू अभिक्रिया करून हायड्रोजन देते आणि मागे बायकार्बोनेट ठेवते. वक्ररेषेचा शेपटीचा हळू चढ तोच. म्हणून 'शंभर टक्क्यांहून जास्त रूपांतर' दिसले तर त्याचे श्रेय उत्प्रेरकाला देऊ नका.

कार्बन मोनॉक्साइड मात्र ब्युरेटवर कळत नाही, त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. थर्मल कंडक्टिव्हिटी डिटेक्टरवर वाहक वायू आर्गॉन ठेवा, कारण हीलियमची उष्णतावाहकता हायड्रोजनच्या इतकी जवळ आहे की हायड्रोजनचा पीक (आलेखातला उंचवटा) नीट मोजता येत नाही. मॉलिक्युलर सीव्हच्या कॉलमवर कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो आणि कॉलम हळूहळू निकामी होतो. नमुना आधी अल्कलीतून न्या, किंवा कार्बनवर आधारित कॉलम वापरा. नायट्रोजनचा मोठा पीक कार्बन मोनॉक्साइडच्या लहान पीकला झाकू शकतो, म्हणून वर आर्गॉन सांगितला. पीपीएम पातळीवर उतरायचे असेल तर मिथेनायझरसह (कार्बन मोनॉक्साइडचे मिथेन करणाऱ्या भागासह) फ्लेम आयोनायझेशन डिटेक्टर हवा. इंधनपेशीच्या वाहनांसाठी आयएसओ १४६८७ प्रमाणे मर्यादा ०.२ पीपीएम आहे, त्यामुळे 'पीक दिसला नाही' एवढे पुरत नाही, तुमचे यंत्र किमान किती पाहू शकते तेही सांगावे लागते.

हातात धरायचा कार्बन मोनॉक्साइड मापक वायूच्या नळीला लावू नका. त्याचा सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो आणि भलताच मोठा आकडा दाखवतो. खोलीतला अलार्म म्हणून तो अवश्य लावा. वाजला तर गळती हायड्रोजनची असो वा कार्बन मोनॉक्साइडची, बाहेरच पडायचे आहे.

बिघडते कुठे

सुरुवात जोरात आणि दहा-पंधरा मिनिटांत, निम्मे आम्ल शिल्लक असतानाच, रेषा आडवी: पॅलेडियमवर कार्बन मोनॉक्साइड बसला. तापमान वाढवून हे सुटत नाही, उलट नको ती वाट अधिक उघडू शकते. उत्प्रेरक गाळून धुवा, ओल्या अवस्थेत हवेत ढवळा आणि पुन्हा लावून पाहा. वेग बराचसा परतला तर निदान बरोबर. परतला नाही तर कण एकमेकांना चिकटून मोठे झाले असावेत.

सुरुवातीपासूनच मंद असेल तर क्लोराइड, ओलाव्याची चुकीची नोंद आणि पीएच या तीन गोष्टी याच क्रमाने तपासा.

ढवळण्याचा वेग ८०० वरून १००० केल्यावर वायूचा वेग बदलत असेल, तर तुम्ही उत्प्रेरक नव्हे, स्टरर मोजत आहात. उत्प्रेरक निम्मा करून वेगही निम्मा होतो का पाहा.

वारंवार वापराची चाचणी लावताना प्रत्येक फेरीचा सुरुवातीचा वेग द्या. नुसते 'पाच फेऱ्यांनंतरही शंभर टक्के रूपांतर' हे वाक्य काही सिद्ध करत नाही; पुरेसा वेळ दिला तर अर्धमेला उत्प्रेरकही आम्ल संपवतो. शिवाय अभिक्रिया चालू असताना गरम द्रावण गाळून पाहा. गाळलेल्या द्रावणातून वायू येत राहिला तर पॅलेडियम विरघळून बाहेर पडत आहे.

विरघळणारे उत्प्रेरक

धातूच्या पावडरीऐवजी द्रावणात विरघळणारी धातुसंयुगे वापरणारी दुसरी शाखा आहे. २००८ मध्ये जर्मनीत बेलर आणि स्वित्झर्लंडमध्ये लॉरेंझी यांच्या गटांनी रुथेनियमवरची कामे प्रसिद्ध केली आणि विषयाला नवी गती मिळाली. लॉरेंझींची पद्धत पूर्ण पाण्यातली: रुथेनियम, सल्फोनेट गट लावलेले फॉस्फीन (धातूला जोडले जाणारे फॉस्फरसचे संयुग), आणि ९:१ प्रमाणात आम्ल व सोडियम फॉर्मेट. २०११ मध्ये बेलर-लॉरेंझी यांनी मिळून लोखंड आणि चार फॉस्फरसच्या फॉस्फीनने प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये ८० अंशांवर तासाला ९,००० च्या वर टर्नओव्हर दाखवला, तोही वेगळा अल्कली न घालता. निवडकता आणि वेग यांत ही संयुगे सरस आहेत, पण फॉस्फीन हवेत खराब होते, हवा टाळून काम करायला ग्लव्ह बॉक्स किंवा श्लेंक लाइन लागते, आणि उत्प्रेरक परत मिळवणे अवघड. पाशाण परिसरातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या किंवा आयसरसारख्या ठिकाणी ही सोय असते. साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेने पॅलेडियमवरच हात बसवावा.

आवरताना

आधी गरम करणे बंद करा, मग मांडणीतून नायट्रोजन सोडा, आणि ब्युरेटमधला वायू फ्यूम हुडच्या आत वर सोडा. वापरलेला उत्प्रेरक गाळणकागदासकट पाण्यात बुडवून, लेबल लावलेल्या, सैल झाकणाच्या बाटलीत ठेवा. कचऱ्याच्या डब्यात टाकलेला सुकता गाळणकागद तासाभराने पेटू शकतो. उरलेले आम्ल-फॉर्मेट द्रावण सोडियम बायकार्बोनेटने फेस थांबेपर्यंत उदासीन करा. पॅलेडियमची बाटली भरत आली की ती फेकू नका, मौल्यवान धातू परत मिळवणाऱ्यांकडे द्या. तोपर्यंत दर महिन्याला आतले पाणी उडाले नाही ना, ते पाहत राहा.